आतड्याच्या ऑपरेशननंतर ‘पाणी कधी द्यायचे?’ : खाटेशेजारची सोनोग्राफी काय सांगते

आतड्याचे ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, पाणी कधी द्यायचे?’ वेरूळहून सुमारे ३० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात डबा घेऊन येणाऱ्या तुमच्यासारख्यांना तो रोजचाच आहे.

ऑपरेशननंतर पचनमार्ग काही काळ सुस्तावतो. साधारणपणे लहान आतडे २४ तासांत, जठर २४ ते ४८ तासांत आणि मोठे आतडे ४८ ते ७२ तासांत पूर्ववत होते. पूर्वी ‘गॅस पास’ होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवत. आता बऱ्याच रुग्णांना लवकर पाणी व पातळ आहार सुरू करतात. पण जठर रिकामे होत नसेल, तर उलटी होऊन अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

इथे खाटेशेजारची सोनोग्राफी उपयोगी पडते. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून डॉक्टर जठराचा खालचा भाग पाहतात. जठर रिकामे आहे, पाणी आहे की घट्ट अन्न, हे काही मिनिटांत कळते. त्यात क्ष-किरण नसतात. भूल देण्यापूर्वी ही तपासणी आधीपासून वापरली जाते; ऑपरेशननंतरचा वापर त्यामानाने नवा आहे.

मग ती सगळीकडे का होत नाही? एक कारण म्हणजे प्रशिक्षण. दुसरे, गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा. त्यानुसार प्रत्येक मशीनची नोंदणी लागते. २०१२ पासून फिरते मशीन नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तिथल्या दाखल रुग्णांसाठीच वापरता येते. फिरत्या वैद्यकीय पथकाला मात्र ठरावीक अटींवर मुभा आहे. म्हणजे वॉर्डातील तपासणीला कायद्याची आडकाठी नाही, पण मशीन घरी मागवता येणार नाही.

ही तपासणी झाली नाही, म्हणून उपचारात हयगय झाली असे समजू नका. पोट फुगणे, उलटी आणि रुग्णाची एकूण स्थिती पाहूनही डॉक्टर निर्णय घेतात. शिवाय, जठर रिकामे दिसले तरी आतड्याची जोडणी नीट भरून येत आहे का, हे त्यातून कळत नाही.

तुम्ही एवढे करा : परवानगीशिवाय डब्यातला घासही देऊ नका. पोट फुगले, उलटी किंवा सतत उचकी आली, धाप लागली, ताप आला किंवा दुखणे वाढले, तर लगेच नर्सला सांगा. आणि ‘आज काय व किती द्यायचे?’ हे रोज राउंडच्या वेळी विचारा.