कुलूप उघडेना, म्हणून घर पाडा!

घरच्या जुन्या पीसीवर नाहीतर भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचं ॲप चालवायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागली आहे. चांगलंच आहे. पण या हौशी मंडळींना एक सल्ला सर्रास मिळतो आणि त्याचा मला मनापासून राग येतो. लॉगमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसलं रे दिसलं, की कोणीतरी सांगतं, "व्हॉल्यूम उडव आणि परत चालू कर."

चालतं ना! न चालायला काय झालंय? कुलूप उघडेना म्हणून घरच पाडून नवं बांधलं, तर नवी किल्ली लागणारच.

डॉकरमधल्या पोस्टग्रेसची गंमत अशी आहे, की कंपोजच्या फाइलीत आपण जो पासवर्ड देतो, तो फक्त पहिल्यांदा, म्हणजे डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वाचला जातो. त्यानंतर पासवर्ड डेटाबेसच्या पोटात, म्हणजे त्या व्हॉल्यूमवर राहतो. पुढे तुम्ही फाइलीत तो हौसेने बदललात, की ॲप नवा पासवर्ड पाठवतं आणि डेटाबेस जुनाच धरून बसतो. शंभर वेळा रीस्टार्ट करा, काही फरक पडत नाही.

बरं, माणूस तपासायला म्हणून कंटेनरच्या आत शिरतो, पीएसक्यूएल चालवतो, तर सरळ आत! मग वाटतं, पासवर्ड बरोबर आहे, ॲपच गंडलंय. पण अधिकृत इमेजमध्ये आतल्या आत जोडणाऱ्याला पासवर्ड विचारतच नाहीत, ‘ट्रस्ट’ असतो. दुसऱ्या कंटेनरमधून आलात की मग विचारणा. म्हणजे ती चाचणी कामाची नाही, पण तेच उघडं दार दुरुस्तीला मात्र फार कामाचं. तिथूनच आधी पीजी डंप घ्यायचा, मग बॅकस्लॅश पासवर्ड ही कमांड देऊन पासवर्ड जुळवायचा. दोन मिनिटांचं काम, डेटाला धक्का नाही.

माझ्या एका मित्राने तो सल्ला ऐकला होता. फोटो सांभाळणारं ॲप होतं. फोटोंच्या फाइली वेगळ्या फोल्डरात होत्या, म्हणून वाचल्या. पण आईला शेजारी बसवून एकेका चेहऱ्याला दिलेली नावं, कोण मावशी, कोण गावचे काका, ती सगळी डेटाबेसमध्ये होती. गेली. पुन्हा बसायला आई आहे, पण सगळी नावं आता तिलाही आठवत नाहीत.

आणि दर वेळी व्हॉल्यूमच कारण असतं असंही नाही हं. पासवर्डात @ असेल तर कनेक्शनच्या यूआरएलमध्ये तो %40 असा लिहावा लागतो, नाहीतर होस्टचं नावच भलतं वाचलं जातं. कंपोजला $ दिसला की तो व्हेरिएबल शोधत सुटतो. कधी तर त्या नावाचा यूजरच नसतो! बाहेरच्याला अंदाज येऊ नये म्हणून पोस्टग्रेस ॲपला तेच ठरलेलं वाक्य ऐकवतो, खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘डीटेल’ म्हणून लिहितो. तो लॉग कोणी उघडतच नाही.

तयार कंपोज फाइल वाटणाऱ्यांनी पासवर्डच्या ओळीवर एवढी एक टीप टाकायला काय हरकत आहे, की बाबांनो, हा फक्त पहिल्यांदाच वाचला जातो? इमेजच्या माहितीपानावर हे लिहिलेलं आहे म्हणे. आहेच. पण रात्री साडेबाराला, ॲप बंद पडलेलं असताना, माणसासमोर ते पान नसतं, ती फाइल असते.