‘सर्व्हर – १ नग’ : या एका ओळीचा दंड आपण भरतोय

पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या खिशाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

मार्च अखेरचा आठवडा. नगरपरिषदेच्या कर विभागासमोर रांग. माझ्या पुढे सत्तरीतले एक काका, हातात पिशवी, पिशवीत मागच्या दहा वर्षांच्या पावत्या. खिडकीतून आवाज आला, “सर्व्हर डाऊन आहे, दुपारी या.” काका दुपारी आले. “अजून आला नाही, उद्या बघा.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सुट्टी. एप्रिलमध्ये पावती निघाली तेव्हा वर शास्ती लागलेली, दरमहा दोन टक्क्यांची. काकांनी विचारलं, “अहो, पैसे घेऊन मी तीनदा आलो होतो, मग दंड कसला?” उत्तर आलं, “काका, ते सिस्टीम लावते, आमच्या हातात नाही.”

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. जणू सर्व्हर म्हणजे पाऊस. पडला तर पडला, नाही पडला तर नाही. मित्रांनो, तसं नाही. सर्व्हर मार्चमध्ये बसला, पण तो बसणार हे ज्या दिवशी खरेदीचा कागद टाईप झाला त्याच दिवशी ठरलं होतं.

आता हे सगळं आठवायचं कारण. कर, पाणीपट्टी, लेखा, पगार, भांडार, परवाने, तक्रारी, सगळं एकाच नवीन सॉफ्टवेअरवर आणायचा विषय पुढच्या सभेत येतोय. कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. मसुद्यात मात्र संगणक कक्षासाठी घेतलेल्या खुर्च्यांचं वर्णन सात ओळींचं आहे: उंची, फोम, चाकं, हात, हमी. आणि ज्याच्यावर अख्ख्या गावाचा कारभार चालणार त्या यंत्राचं वर्णन असं: ‘सर्व्हर – १ नग, नामांकित कंपनीचा.’

बस्स. एक नग!

पाण्याची टाकी आपण अशी बांधतो का? ‘टाकी – १ नग, नामांकित कंत्राटदाराची’? नाही. माणशी १३५ लिटर धरतो, आजची लोकसंख्या धरतो, पुढच्या पंधरा ते तीस वर्षांत गाव किती वाढेल ते धरतो, आणि मग ठरतं की टाकी किती लाख लिटरची. सर्व्हरचा हिशेबही असाच असतो. एका वेळी किती माणसं काम करणार, सर्वांत गर्दीच्या तासाला किती नोंदी होणार, दरवर्षी माहिती किती वाढणार. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर घेताना हा हिशेब आधी कागदावर करावा लागतो. सॅप नावाच्या जर्मन कंपनीने तर तो मोजायला स्वतःचं मापच बनवलंय. १०० सॅप्स म्हणजे तासाला ऑर्डरच्या २००० ओळी पूर्ण निकाली काढायची ताकद. त्यांच्याकडे माप आहे, आपल्याकडे नग आहे.

चला, आपणच हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेत. समजा गावात २०,००० मिळकती आहेत आणि वर्षाचे कामाचे दिवस ३००. सरासरी काढली तर दिवसाला ६७ पावत्या, तासाला दहा. एवढं काम जुनाट डबडंही करेल. आणि ठेकेदार तुम्हाला हीच सरासरी दाखवतो! पण लोक वर्षभर सारखे येतात का? समजा ४० टक्के लोक मार्चच्या शेवटच्या सहा कामाच्या दिवसांत आले. म्हणजे ८,००० पावत्या सहा दिवसांत, दिवसाला १,३३३. सरासरीच्या वीस पट! त्याच आठवड्यात लेखा विभाग वर्ष बंद करतोय, बिलं निघतायत, वसुलीचा अहवाल वर पाठवायचाय, आणि घरबसल्या भरणारेही त्याच यंत्रावर येतायत.

प्रामाणिकपणे सांगतो, दिवसाला १,३३३ म्हणजे मिनिटाला तीन-चार पावत्या. चांगल्या सर्व्हरला हा घास मोठा नाही. म्हणजे कोटी-दोन कोटींचं यंत्र लागत नाही. हिशेब लागतो, आणि तोच कुणी केलेला नसतो. मग होतं काय? सॉफ्टवेअर, सगळी माहिती, अहवाल आणि बॅकअप, सगळं एकाच पेटीत. आत साधी फिरती हार्डडिस्क, जी सेकंदाला शे-दीडशे वेळा इकडची-तिकडची माहिती उचलू शकते. त्याच कामाला एसएसडी हजारोंच्या पटीत चालते. लेखा विभागाने वर्षभराचा अहवाल काढायला घेतला की डिस्क तिकडे गुंतते आणि खिडकीवरचा काकांचा खातेउतारा गोल-गोल फिरत बसतो.

अजून एक गंमत. माहिती साठवायला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची ‘एक्सप्रेस’ नावाची फुकट आवृत्ती मिळते. छोट्या दुकानाला उत्तम. पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. शिवाय ती प्रोसेसरचे जास्तीत जास्त चार कोअर वापरते आणि माहिती हाताळायला जेमतेम दीड जीबीच्या आतबाहेर मेमरी. म्हणजे तुम्ही ६४ जीबी रॅमचा सर्व्हर घेतलात आणि ठेकेदाराने त्यावर फुकट आवृत्ती टाकली, तर बाकीची रॅम शोभेला. दहा पदरी रस्ता बांधून नाक्यावर एकच खिडकी उघडल्यासारखं. त्यामुळे निविदेत नुसतं यंत्र लिहून भागत नाही. त्यावर कोणती आवृत्ती चालणार आणि तिचा परवाना कुणाच्या नावावर असणार, हेही लिहावं लागतं.

मुळात क्रमच उलटा आहे. आधी सॉफ्टवेअर ठरायला हवं, मग त्याची गरज मोजायची, मग यंत्र घ्यायचं. आपल्याकडे निधी ३१ मार्चच्या आत खर्ची घालायचा म्हणून आधी यंत्र येतं. ते खोक्यात सहा महिने पडून राहतं, तोवर हमीचा काळ चालू झालेला असतो. मग सॉफ्टवेअरवाला येतो आणि म्हणतो, “साहेब, हे लहान पडेल.” मग पुन्हा खर्च. आधी चप्पल घ्यायची आणि मग पाय कापायचा.

आता करारातलं सर्वांत गोड कलम बघा: ‘प्रणाली ९९ टक्के वेळ चालू राहील.’ ऐकायला किती छान! ९९ म्हणजे पहिला नंबरच की! पण वर्षाचे ३६५ दिवस, त्यातला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. मार्चचे शेवटचे तीन दिवस सर्व्हर पूर्ण बंद राहिला, तरी ठेकेदाराने करार पाळला! दंड त्याला नाही, काकांना. तेच ९९.९ टक्के लिहिलं तर वर्षाला पावणेनऊ तासच सवलत उरते. आणि ‘मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात, कार्यालयीन वेळेत बंद पडल्यास वेगळा दंड’ एवढं एक वाक्य टाकलं तर खेळच बदलतो.

कुणी म्हणेल, “अहो, मोठ्या-मोठ्यांचं होतं असं.” होतं, बरोबर. अमेरिकेच्या सरकारने १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची वेबसाईट उघडली. तयारी एका वेळी ५०-६० हजार लोकांची, आले अडीच लाख. पहिल्या दिवशी विमा पूर्ण घेऊ शकले फक्त सहा जण. सहा! पण पुढचं ऐका. तिथे संसदेच्या समित्यांनी अधिकाऱ्यांना आणि ठेकेदारांना समोर बसवून विचारलं, चाचणी का नाही केली, आकडा कुणी ठरवला. दोन महिन्यांत दुरुस्ती करून एका वेळी ५० हजार लोक पेलण्याची क्षमता जाहीरपणे सांगितली. आपल्याकडे खिडकीवर एक कागद चिकटवतात: ‘सर्व्हर डाऊन आहे, सहकार्य करा.’

“मग क्लाऊड घ्या, प्रश्नच मिटला,” असं सांगणारेही भेटतील. क्लाऊड चांगला पर्याय आहे, विशेषतः गर्दीच्या महिन्यात ताकद वाढवून नंतर कमी करता येते म्हणून. पण ती किती वाढवायची हे मोजावंच लागतं, आणि बिल दरमहा येतं. शिवाय नगरपरिषदेत इंटरनेटची एकच लाईन असेल आणि गटारकामात ती जेसीबीने तोडली, तर क्लाऊड आकाशात आणि आपण रांगेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या मार्गाने आलेल्या लाईन लागतात. त्या मसुद्यात नाहीत.

बॅकअपचंही तसंच. “दोन डिस्क आहेत ना, एक गेली तरी दुसरी आहे,” हे उत्तर मला मिळालं. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात. कुणी चुकून नोंदी पुसल्या तर दोन्हीकडून पुसल्या जातात, व्हायरसने कुलूप लावलं तर दोन्हींना लागतं. बॅकअप वेगळा असतो, इमारतीबाहेर असतो, आणि तो परत चालू करून बघितलेला असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाण्याने तळमजले बुडवले ते आठवा. आपला नियोजित सर्व्हर कुठे आहे? तळमजल्यावर, जिन्याखाली.

आणि कृपा करून “ही तांत्रिक बाब आहे, सदस्यांना काय कळणार” म्हणू नका. टाकीचं काँक्रीटही तांत्रिकच असतं, तरी सदस्य विचारतातच की. रांगेत उभं राहताना तांत्रिक ज्ञान लागत नाही, मग प्रश्न विचारायला का लागावं? खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. शिव्या ते खातात आणि यंत्र दुसऱ्यांनी निवडलेलं असतं.

म्हणून सभेआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना हे सहा प्रश्न विचारा. कॉपी करून पाठवलेत तरी चालेल:

१. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सर्वांत गर्दीच्या तासाला एका वेळी किती वापरकर्ते धरलेत? तो आकडा कुणी काढला, कशावरून?

२. प्रोसेसर, रॅम, डिस्क हे सॉफ्टवेअर ठरल्यावर मोजलंय की आधीच? पाच वर्षांची वाढ धरली आहे का?

३. डेटाबेसची कोणती आवृत्ती, आणि परवाना नगरपरिषदेच्या नावावर आहे का?

४. अंतिम बिल देण्याआधी पूर्ण गर्दीची चाचणी होणार का, आणि ती कुणासमोर?

५. बॅकअप इमारतीबाहेर कुठे आहे, आणि तो परत चालू करून कधी बघणार? यूपीएस, जनरेटर, दुसरी इंटरनेट लाईन यांची तरतूद कुठे आहे?

६. सर्व्हर बंद असल्याने भरणा झाला नाही तर त्या दिवसांची शास्ती माफ होणार का? ठराव करणार का?

सहाव्या प्रश्नावर सभागृह गप्प बसलं तर समजा, बाकीच्या पाचांचीही उत्तरं नाहीत.

माझी मागणी साधी आहे. निविदा काढण्याआधी या हिशेबाचं एक पान, मराठीत, सूचनाफलकावर आणि नगरपरिषदेच्या वेबसाईटवर लावा. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ हेच सांगतं, की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती कुणी मागायची वाट न बघता स्वतःहून द्या. एक पान लागतं, पैसे लागत नाहीत. ते पान लागेपर्यंत या खरेदीला मंजुरी देऊ नये.

काकांचा दंड फार मोठा नव्हता. त्यांनी तो भरला, पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि जाताना म्हणाले, “पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच येतो.” त्यांनी एका वर्षात नियोजन शिकून घेतलं. नगरपरिषदेने कधी शिकायचं?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो. पण सभेच्या आधी, नंतर नको. नंतर फक्त रांग असते.