जेवण सोडून जिंकलेला वाद

येरवडा तुरुंगावरून गेलो की पुणे करार आठवतो. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी तिथे उपोषण सुरू केलं, २४ तारखेला सह्या झाल्या. दलितांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ ऐवजी १४८ जागा मिळाल्या, पण बाबासाहेबांनी मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ गेले. समोरचा प्राण पणाला लावून बसला असताना ‘नाही’ म्हणायची मुभा कुणाला उरते? बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात या उपोषणावर कडक टीका केली. मला ती पटते.

कारण घरात मीही हेच केलंय. दुकानाच्या वाटणीवरून भाईजानशी वाजलं, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. अम्मी रडू लागली आणि भाईजान कबूल झाले. त्यानंतर ईदला ते गळाभेट घ्यायचे, पण दुकानाचा विषय निघाला की उठून जायचे.

नवरा-बायकोचं बिनसलं तर दोन्हीकडचा एकेक पंच बसवा, असं कुरआन सांगतं. भावाभावांत का नको? गेल्या महिन्यात मी म्हटलं, “भाईजान, वाटणी पुन्हा बघू. तुमच्या बाजूने कोण बसणार, ते तुम्ही ठरवा.”

ते काही बोलले नाहीत. चहाला मात्र थांबले.