दिवाळीचा बोनस कोणत्या खात्यात लिहायचा?



दिवाळीच्या तोंडावर आपल्या श्रीगोंद्यात बायकाबायकांत एक ठराव कानोकानी फिरतोय. घरी लहान मुलं सांभाळायला येणाऱ्या बायकांना यंदा सगळ्यांनी सारखंच द्यायचं. एक साडी, मिठाईचा बॉक्स आणि हजार रुपये. कुणी जास्त द्यायचं नाही. एकीने जास्त दिलं की दुसरीची बाई तोंड वाकडं करते, दर बिघडतात, असं त्यामागचं म्हणणं आहे. मला हा ठराव मान्य नाही. का नाही, ते आज लिहिते.

आधी माझं मत सांगून टाकते. जिने वर्षभर आपलं मूल सांभाळलं, तिला दिवाळीला पूर्ण एका महिन्याचा पगार बोनस म्हणून द्यावा. साडी आणि फराळ त्याच्यावर, आपल्या हौसेने. पैसे वसुबारसेच्या आधी तिच्या हातात पडावेत. आणि ते दान म्हणून देऊ नयेत.

या शेवटच्या वाक्यावर काही जणींच्या भुवया वर जातील, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्याकडे जुना शब्द आहे, पोस्त. दिवाळीला दारात आलेल्या पोस्टमनला, भंगीकाम करणाऱ्याला, बँडवाल्याला जे हातावर ठेवायचं ते पोस्त. ती मागावी लागते. देणाऱ्याने हसून दिली तर घ्यायची, नाही दिली तर पुढच्या दारी जायचं. वर्षभर रोज आठ-दहा तास आपल्या घरात राहणाऱ्या बाईला आपण अजूनही याच रांगेत उभं करतो.

आता आपल्याच दुकानाकडे बघा. बाजारपेठेत आपल्या बहुतेकांची दुकानं आहेत. कापडाचं असो, किराण्याचं असो की भुसाराचं, मुनीमजींचा आणि काउंटरवरच्या मुलांचा बोनस ठरलेला असतो. वहीपूजनाच्या आधी तो वाटला जातो आणि वहीत पगाराच्या खात्याला लिहिला जातो. यजमानांना कधी कुणी विचारलं का, की पोरांना साडी-मिठाईवर भागवा म्हणून? दुकानातला माणूस साखर तोलतो, त्याला बोनस. घरातली बाई आपलं नातवंड तोलते, तिला पोस्त. हा हिशेब मला कधीच जुळवता आला नाही.

बोनसची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे, म्हणून थोडी सांगते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापडगिरण्यांना भरपूर नफा झाला. मालकांनी कामगारांना पगारावर बोनस द्यायला सुरुवात केली आणि तो वर्षानुवर्षं मिळत गेला. १९२३ चा बोनस मालकांनी दिला नाही, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला मुंबईत मोठा संप झाला. चौकशीला नेमलेल्या समितीने सांगितलं, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे तेव्हाही वाद हाच होता. खुशीने दिलेलं की कमावलेलं? पुढे चाळीस वर्षं भांडणं, लवाद, आयोग असं सगळं होऊन १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. किमान बोनस नंतर वाढून वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के झाला आणि जास्तीत जास्त २० टक्के. आपल्या भागातले साखर कारखाने दिवाळीच्या आधी बोनस जाहीर करतात, तेव्हा वर्तमानपत्रात हा ८.३३ चा आकडा आपण वाचतोच.

हा ८.३३ आला कुठून? शंभराला बाराने भागा. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, बरोबर एक महिन्याचा पगार. आणि कायद्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. हा किमान बोनस नफा असो वा तोटा, द्यायचाच. त्यामुळे 'आमचं घर म्हणजे काय कारखाना आहे, इथे कुठे नफा होतो' हे म्हणणं टिकत नाही. तोट्यातल्या कारखान्यालाही तो चुकला नाही.

अर्थात हा कायदा कारखान्यांना आणि वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना होता. आपल्या घराला तो लागू नाही, आपल्यावर कुणी खटला भरणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांनी जे मिळवलं ते स्वतःच मिळवलं. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. दिवाळीला महिन्याचा पगार देण्याची पद्धत आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुना ती पाळतात. त्याच लेकी दिवाळीला श्रीगोंद्याला आल्या, की इथल्या बाईसाठी मात्र आपण हजाराचा आकडा काढतो. गाव लहान म्हणून काम लहान होत नाही.

आता आकडे मांडते. समजा एका ताईंचा पगार महिना नऊ हजार आहे. सुनेची नोकरी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मूल त्यांच्याकडे. वर्षाचे झाले एक लाख आठ हजार. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे साधारण नऊ हजार. एकदम दिवाळीत काढायचे म्हटलं तर अंगावर येतात, कारण तेव्हाच फराळ, कपडे, रंगरंगोटी, पाहुणे सगळं असतं. पण दर महिन्याला साडेसातशे रुपये वेगळ्या पाकिटात टाकले तर दिवाळीला नऊ हजार तयार असतात. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवलं होतं, की ज्या महिन्यात काम घेतलं त्याच महिन्याचा तो खर्च. पैसे नंतर द्यायचे असले तरी देणं तेव्हाच उभं राहतं. जमाखर्चात त्याला अदत्त खर्च म्हणतात.

अदत्त हा शब्द आपल्या ओळखीचा आहे ना? आपलं तिसरं अणुव्रत अदत्तादान विरमणाचं. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. मला वाटतं, कुणाचं वर्षभराचं कष्टाचं देणं स्वतःजवळ ठेवून त्यातला थोडा भाग 'भेट' म्हणून परत करणं हे त्या व्रताच्या फार जवळ जातं. म्हणून म्हणते, बोनस दानाच्या खात्यात लिहू नका. दान आपल्या मालकीच्या वस्तूचं होतं. हा पैसा बाराव्या हिश्श्याने दर महिन्याला तिचा होत आलेला आहे. देणं फेडून जे उरतं त्यातून दान करावं, ते जीवदयेला जावो की आणखी कुठे.

पहिल्या व्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात दरवेळी म्हणतो. त्यात अतिभार आहे, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. भक्तपानविच्छेद आहे, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी तोडणं. आपण ते बैलापुरते धरतो. आता बैल कुणाच्या दारी आहेत? दारी येते ती बाई. मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईला दिवाळीच्या साफसफाईत डबे घासायला, जाळी-जळमटं काढायला आणि चकलीचा सोऱ्या फिरवायलाही लावायचं, आणि वर पोस्त द्यायची, याला अतिभार नाही तर काय म्हणायचं?

पाचव्या व्रताची तर आणखी वेगळी गोष्ट. जुन्या काळी परिग्रहाच्या यादीत शेत, घर, सोनं, चांदी, धान्य यांच्याबरोबर दासदासीही मोजत. आपल्या व्रतात त्यांची मर्यादा करायला सांगितली आहे. आज कुणी कुणाची दासी नाही, हे आपण तोंडाने म्हणतो. ते हिशेबातही दिसायला हवं. जी आपल्या परिग्रहातली नाही, ती आपल्याशी करार करून काम करते, आणि कराराची किंमत ठरलेली असते.

आता नेहमीचे आक्षेप घेते.

'आम्ही तिला वर्षभर जेवण-चहा देतो, जुने कपडे देतो.' द्यावेच. पण जेवणाच्या वेळी ती घरात असते कारण मूल घरात असतं. आणि जुने कपडे आपण कपाट रिकामं करण्यासाठी देतो, हे मनाशी तरी कबूल करूया.

'तिने फार खाडे केले.' खाड्यांचे पैसे त्या-त्या महिन्यात कापले असतील तर विषय संपला. एकाच खाड्यासाठी दोनदा कापायचं नसतं. न सांगता खाडे होत असतील तर ते त्याच आठवड्यात बोलावं, दिवाळीपर्यंत साठवून ठेवू नये.

'ती चारच महिन्यांपूर्वी आली.' मग चार महिन्यांचा हिस्सा द्या. महिना नऊ हजारांवर साडेसातशे गुणिले चार, तीन हजार. हिशेब सरळ आहे, आणि पुढच्या वर्षी पूर्ण मिळणार हे तिलाही कळतं.

'तिने उचल घेतली आहे, त्यात वळती करून घेते.' हे करू नका. उचल दर महिन्याच्या पगारातून ठरलेल्या हप्त्याने फिटू द्या. आपल्या तालुक्यात दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, कांद्याची लागण असते. तिच्या घरच्यांना दिवाळीत हातात रोकड लागते, मुलांचे कपडे, भाऊबिजेला माहेरी जाण्याचं भाडं. वहीतला आकडा कमी झाला तर त्यातून फराळाचं तेल येत नाही.

'बोनस घेतला आणि दुसऱ्या दिवशी काम सोडलं तर?' सोडू दे. मागच्या वर्षाच्या कामाचे पैसे होते ते, पुढच्या वर्षाची साखळी नव्हती. आणि नियमाने पैसे देणारं घर बाई सहसा सोडत नाही. सोडते ती दर दिवाळीला घासाघीस करणारं.

'आम्हाला परवडत नाही.' हा एकच आक्षेप मी मान देऊन ऐकते. काही घरांत खरंच ओढाताण असते. मुलाची नोकरी गेलेली असते, दवाखान्याचा खर्च असतो. अशा वेळी तिला समोर बसवून खरं सांगावं, निम्मे आत्ता, निम्मे संक्रांतीपर्यंत, आणि तो शब्द पाळावा. पण ज्या घरात धनत्रयोदशीला सोन्याचं नाणं येतं आणि मिठाईचे चाळीस बॉक्स ओळखीपाळखीत वाटले जातात, त्या घराने परवडत नाही म्हणू नये.

राहिला 'दर बिघडतात' हा मुद्दा. मैत्रिणींनो, आपले व्यापारी मिळून मालाचा भाव पाडतात तेव्हा लिंबू-कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला काय वाटत असेल? आपण सगळ्यांनी मिळून एका बाईची किंमत हजारावर बांधली, तर आपलं बळ तिच्याविरुद्ध वापरलं एवढंच होईल. एकत्र यायचंच असेल तर उलट ठरवूया, की महिन्याच्या पगारापेक्षा कमी कुणी द्यायचं नाही. मग कुणाचीच बाई तोंड वाकडं करणार नाही आणि शेजारणीशी तुलनाही राहणार नाही.

मुलं सांभाळणाऱ्या बाईचं काम धुण्याभांड्यापेक्षा वेगळं आहे, हेही लक्षात घ्या. कामात कमीजास्त कशाला म्हणू, पण भांडं नीट घासलं नाही तर पुन्हा घासता येतं. मूल पलंगावरून पडलं तर तसं नाही. ती सतत जागी असते म्हणून आपली सून निर्धास्त नोकरी करते आणि आपल्याला सामायिकाला बसता येतं. तिची स्वतःची मुलं तेवढा वेळ कुणाकडे असतात, हे आपल्यातल्या किती जणींनी विचारलं आहे?

देताना चार गोष्टी पाळाव्यात. रक्कम तिला महिनाभर आधी सांगावी, म्हणजे तिला तिच्या दिवाळीचा विचार करता येतो. पैसे तिच्याच हातात किंवा तिच्या खात्यात द्यावेत, नवऱ्याच्या नाही. चार पाहुण्यांसमोर ओवाळणीसारखे देऊ नयेत. आणि दिवाळीचे किमान तीन दिवस, भाऊबीज धरून, भरपगारी सुट्टी द्यावी. सून तेव्हा घरी असतेच.

शिवाय एक काम बिनपैशाचं आहे. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालं आहे. १८ ते ६० वर्षांच्या घरकामगारांना त्यात नाव नोंदवता येतं, आणि ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांसाठी १०,००० रुपयांच्या सन्मानधनाची योजना आहे. २०२१ च्या कोरोना निर्बंधांत सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना १,५०० रुपये दिले होते. नोंदणी नसलेल्या राहिल्या. तिने कामाचा दाखला मागितला तर आढेवेढे न घेता लिहून द्या. मोबाइलवर अर्ज भरायला आपली नातवंडं मदत करतीलच.

अश्विन अमावस्येला प्रभूंचं निर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी आपलं नवं वीर संवत सुरू होतं. नवी वही पूजेला मांडण्याआधी जुन्या वहीतली देणी फेडायची, ही आपल्या वाडवडिलांची रीत. घराची वही आपल्या हातात असते. त्यात सांभाळणाऱ्या ताईंचं नाव पगाराच्या खात्याला लिहा, समोर पूर्ण रक्कम लिहा, आणि मग खाली रेघ ओढा.

जय जिनेंद्र.