बोगदा झाला, सुटकेची वाट कोठे?

१६ एप्रिल २०२५ रोजी उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात सिल्क्यारा आणि बडकोट या दोन बाजूंनी खोदत आणलेला बोगदा डोंगराच्या पोटात एकत्र मिळाला. राज्याचे मुख्यमंत्री जातीने हजर होते. फुले उधळली गेली, अभिनंदनाची भाषणे झाली. साडेचार किलोमीटर लांबीच्या या बोगद्यामुळे यमुनोत्रीचा रस्ता सुमारे २० किलोमीटरनी कमी होईल आणि हिवाळ्यात बर्फाखाली जाणारा राडी घाट टाळता येईल, असे सांगण्यात आले. काम उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये या बोगद्याला मंजुरी दिली, तेव्हा त्या मंजुरीच्या शब्दांतच ‘सुटकेच्या मार्गासह’ असा उल्लेख होता. १२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे, ऐन दिवाळीच्या दिवशी, बोगद्याचा भाग कोसळून ४१ कामगार आत कोंडले गेले, तेव्हा त्यांना बाहेर काढील असा कोणताही मार्ग तेथे नव्हता.

बोगद्यांविरुद्ध तक्रार करण्याचा हा प्रश्न नव्हे. मैदानात राहणाऱ्यांना बर्फाने बंद होणारा घाट म्हणजे काय, याची कल्पना सहसा नसते. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोरे हे याचे ठळक उदाहरण आहे. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड वर्षातून सुमारे सहा महिने बंद राही आणि तेवढा काळ लाहौलची जनता देशापासून तुटून जाई. बाळंतपणात अडलेली बाई असो, की परीक्षेला निघालेला विद्यार्थी, हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली तरच पलीकडे जाता येई. ती न मिळाल्यास बर्फ तुडवीत खिंड ओलांडण्याचे धाडस करावे लागे आणि त्या धाडसात कित्येकांचे प्राण गेले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा रोहतांगचा बोगदा खुला झाला आणि हे कोंडलेपण संपले. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी घटले, लाहौलच्या शेतकऱ्याचा बटाटा आणि वाटाणा बाजारात पोहोचण्याची वाट सोपी झाली. जे काम जनतेला तुटलेपणातून मुक्त करते, त्याचे स्वागत कामगारवर्गाने करावयाचे नाही, तर कोणी करावयाचे? शेवटी ते त्याच्याच हातचे काम आहे.

परंतु रोहतांगचा बोगदा कसा तयार झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. २८ जून २०१० रोजी पायाभरणी झाली, तेव्हा २०१५ च्या आरंभी काम पुरे होईल असे ठरले होते. प्रत्यक्षात दहा वर्षे लागली. विलंबाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सेरी नाल्याखालील ५८७ मीटरचा पट्टा. येथे खडक असा नव्हताच. होता तो भुगा झालेला दगड, माती आणि वरच्या नाल्यातून अखंड झिरपणारे पाणी. एक-दोन मीटर पुढे जावे आणि पुन्हा चिखल आत यावा, अशी स्थिती होती. एवढ्या तुकड्याने जवळजवळ चार वर्षे घेतली. हिमालय हा वयाने कोवळा पर्वत आहे. त्याचे थर अद्याप सरकत आहेत, चुरगळत आहेत. वरून केलेल्या पाहणीत जो खडक दिसतो, तोच पोटात भेटेल याची हमी कोणीही भूगर्भशास्त्रज्ञ देत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी सुरुंग लावल्यानंतर उघडा पडलेला खडक तपासायचा, त्याच्या प्रतीनुसार किती काँक्रीट फवारायचे, किती लोखंडी खिळे ठोकायचे, कमानी किती अंतरावर उभारायच्या हे ठरवायचे आणि मगच पुढचा सुरुंग लावायचा, ही पद्धत अवलंबिली जाते. या पद्धतीचा आत्मा एकच आहे : खडक जे सांगेल ते ऐकायचे. त्याला वेळ लागतो. रोहतांगमध्ये तो वेळ दिला गेला. शिवाय वाहनांच्या रस्त्याखाली, मुख्य बोगद्याच्या पोटातच, संकटकाळी बाहेर पडण्यासाठी सव्वादोन मीटर उंचीचा स्वतंत्र मार्ग बांधला गेला. म्हणजे हे आपल्या देशात करता येत नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

(याच बोगद्याच्या उद्घाटनानंतर काही दिवसांतच एक वेगळा वाद पेटला. २०१० च्या पायाभरणीची, सोनिया गांधी यांच्या नावाची पाटी नाहीशी झाल्याची तक्रार काँग्रेस पक्षाने केली आणि ती परत न लावल्यास आंदोलनाचा इशारा दिला. पाटी कोणाची, यावर दोन पक्ष हमरीतुमरीवर आले. सेरी नाल्याच्या चिखलात चार वर्षे उभे राहिलेल्यांची आठवण त्या भांडणात कोणास झाली नाही.)

आता सिल्क्याराकडे वळू. बोगदा कोसळला तो सिल्क्यारा बाजूच्या तोंडापासून अवघ्या दोन-अडीचशे मीटरवर. कामगार होते त्याच्या कितीतरी आत. सुटकेचा मार्ग म्हणजे बोगदा वाहतुकीस खुला झाल्यावर मोटारीतून जाणाऱ्यांसाठी करावयाची सोय, अशी समजूत या कामात रूढ झालेली दिसते. खोदकाम चालू असताना, म्हणजे ज्या काळात धोका सर्वांत मोठा असतो नेमक्या त्याच काळात, आतल्या माणसांसाठी काय, हा प्रश्न त्या समजुतीत बसतच नाही. कमकुवत पट्ट्यातून जाताना मजबूत नळांची ओळ टाकून ठेवणे, ज्यातून माणूस सरपटत बाहेर येऊ शकेल, ही काही नवी शोधून काढायची युक्ती नव्हे. तिला पैसे लागतात, एवढेच. या बोगद्यात पूर्वीही पडझड झाल्याचे नंतर उघडकीस आले. धोक्याची सूचना डोंगराने दिली होती.

ते ४१ जण कोण होते? झारखंडचे १५, उत्तर प्रदेशचे ८, ओडिशा आणि बिहारचे प्रत्येकी ५, पश्चिम बंगालचे ३, आसाम आणि उत्तराखंडचे प्रत्येकी २ आणि हिमाचलचा १. ही यादी म्हणजे भारताच्या दारिद्र्याचा नकाशाच होय. ज्यांच्या गावी शेतीला पाणी नाही आणि गावाजवळ कारखाना नाही, त्यांनी हजार-दीड हजार किलोमीटर दूर येऊन डोंगर पोखरायचे, हा क्रम गेली कित्येक वर्षे चालू आहे. लडाखातील सीमेवरचे रस्ते झारखंडच्या दुमका भागातील मजुरांनी बांधले, हे देशातील फार थोड्यांना ठाऊक होते. २९ मे २०२० रोजी टाळेबंदीत अडकलेल्या ६० मजुरांना विमानाने लडाखहून रांचीला आणण्यात आले, तेव्हा ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. दोन दिवसांनी विसरले गेले.

सिल्क्यारामध्ये पहिले कित्येक दिवस चार इंच व्यासाच्या नळीतून हवा आणि कुरमुरे-फुटाणे पोहोचवले गेले. २० नोव्हेंबरला सहा इंची नळी आत गेली आणि प्रथमच गरम खिचडी मिळाली. परदेशी बनावटीचे प्रचंड यंत्र आडवे छिद्र पाडू लागले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले असता त्याची पाती लोखंडात अडकून तुटली. तेव्हा बोलावणे गेले ते हाताने खोदणाऱ्या बारा मजुरांना. उंदराच्या बिळासारख्या अरुंद भुयारात शिरून खणण्याची ही पद्धत धोकादायक म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये मेघालयातील कोळसा खाणींत तिच्यावर बंदी घातली होती आणि ती बंदी योग्यच होती. तेच कसब सुमारे एका दिवसात उरलेला ढिगारा कोरून गेले. २८ नोव्हेंबरच्या रात्री, सतराव्या दिवशी, सर्व ४१ जण जिवंत बाहेर आले. दूरचित्रवाणीवर या बारा जणांना वीर म्हटले गेले. त्यांच्यात दलित होते, मुसलमान होते. मजुरांनी मजुरांना वाचवले. धर्म आणि जात विचारण्याची फुरसत त्या नळात कोणालाही नव्हती. त्यांच्यापैकी एकाचे दिल्लीतील घर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अतिक्रमण म्हणून बुलडोझरने पाडण्यात आले. सुटकेला तेव्हा बरोबर तीन महिने झाले होते.

सिल्क्याराची कथा सुखान्त ठरली, म्हणून ती सांगणे सोपे जाते. जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबन जिल्ह्यात खूनी नाला येथे १९ मे २०२२ रोजी बोगद्याच्या तोंडाशी डोंगर कोसळला आणि दहा मजूर मेले. त्यांत बंगालचे होते, आसामचे होते, नेपाळचे होते, स्थानिकही होते. काश्मीरमध्ये गगनगीर येथे २० ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी बोगद्याच्या कामावरील छावणीवर दहशतवाद्यांनी गोळ्या झाडल्या. एक डॉक्टर आणि सहा कामगार-कर्मचारी ठार झाले. तीनच महिन्यांनी, १३ जानेवारी २०२५ रोजी, तेथील सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन झाले. बद्रीनाथच्या पलीकडे माणा गावाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी हिमकडा कोसळून सीमा रस्ता संघटनेच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखाली गेले. ४६ वाचले, ८ मेले. दगड, बर्फ आणि बंदुकीची गोळी, तिन्हींच्या समोर उभा राहिला तो एकच वर्ग.

हे काही हिमालयाचेच भाग्य नाही. आल्प्स पर्वतातील गोथार्डचा रेल्वे-बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. ठेकेदाराने आठ वर्षांत काम पुरे करण्याचे मान्य केले होते आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंडाची अट होती. त्या अटीची किंमत आत काम करणाऱ्या इटालियन मजुरांनी मोजली. सुरुंगाच्या धुरात श्वास घेणे अशक्य झाले, तेव्हा १८७५ च्या जुलैमध्ये गोशेनेन येथे त्यांनी काम बंद केले. उत्तर मिळाले ते सशस्त्र पथकाच्या गोळ्यांनी. चार मजूर ठार झाले. बोगदा होईपर्यंत सुमारे दोनशे कामगार बळी गेले आणि खुद्द ठेकेदारही १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून मरण पावला. दंडाची ही अट आजच्या कंत्राटांतही आहे. एकरकमी ठेका, ठरलेली मुदत, मुदत चुकल्यास दंड, अशा व्यवस्थेत खडक तपासण्यासाठी थांबणे हा कंपनीच्या हिशेबी तोटा ठरतो. ठेकेदार तो पोटठेकेदाराकडे सरकवतो, पोटठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम ज्याच्याकडे सरकवतो, त्याच्या खाली सरकवायला कोणी नसते.

सरकारचे वर्तन याहून निराळे नाही. सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम महामार्ग एक प्रकल्प म्हणून मांडला असता, तर त्याच्या पर्यावरणीय परिणामांची रीतसर छाननी करावी लागली असती. म्हणून त्याचे ५३ तुकडे करण्यात आले. प्रत्येक तुकडा शंभर किलोमीटरच्या आत बसला, कायदा बाहेर राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२१ रोजी संरक्षणाच्या गरजेपोटी रुंद रस्त्याला परवानगी दिली, त्यानंतर न्यायालयानेच नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रवी चोप्रा यांनी पद सोडले. सीमेवर लष्कराला रस्ता हवा, हे कोणीही नाकारत नाही. पण डोंगराची तपासणी टाळल्याने रस्ता अधिक मजबूत कसा होतो, याचे उत्तर संरक्षण खात्यानेही दिलेले नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर जे होते तेही पातळ करण्यात आले आहे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा आणि बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा, असे दोन स्वतंत्र कायदे होते. १९९६ च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांत खोदकाम आणि बोगदे यांवर स्वतंत्र प्रकरण होते. अंमलबजावणी नावापुरती असली, तरी बोट ठेवायला कागद होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे नव्या श्रमसंहितेत विलीन झाले. पूर्वी पाच स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनेला कायदा लागू होई, आता दहा लागतात. ठेका कामगारांबाबतची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. डोंगरात काम करणाऱ्या पोटठेकेदाराकडे एका वेळी किती माणसे कागदोपत्री असतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. निरीक्षकाचे नावही बदलले आहे. तो आता ‘निरीक्षक-सह-सुविधाकार’ आहे. सुविधा कोणाची, ते संहितेने सांगितलेले नाही.

कामगार संघटनांनी या क्षेत्रात पाय रोवणे कठीण आहे. छावणी दुर्गम, मजूर परप्रांतीय, भाषा वेगवेगळ्या, काम हंगामी. तरीही काही मागण्या अशा आहेत, ज्यांसाठी मजुराच्या गावी, दुमक्यात आणि श्रावस्तीत, जशी संघटना बांधता येईल, तशीच संसदेतही लढाई देता येईल. बांधकामकाळातील सुटकेची व्यवस्था ही कंत्राटातील स्वतंत्र, वेगळ्या रकमेची बाब असावी, म्हणजे ती वगळून नफा करता येणार नाही. खडकाची रोजची नोंदवही कामगारांच्या प्रतिनिधीला पाहता यावी. कमकुवत पट्ट्यात काम थांबल्यास त्या दिवसांचा दंड ठेकेदाराला नको आणि त्या दिवसांची मजुरी कामगाराची बुडू नये. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण थांबण्याचे धैर्य पोटावर अवलंबून असते.

यातली पहिली मागणी लगेच लावून धरता येण्याजोगे एक ठिकाण आहे. काश्मीर आणि लडाख जोडणाऱ्या जोझिला बोगद्याला जानेवारी २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्या योजनेत सुटकेचा एक समांतर बोगदाही होता. ज्या कंपनीला ठेका दिला होता, ती कर्जात बुडाली, जानेवारी २०१९ मध्ये ठेका रद्द झाला, आराखडा फिरून बनवला गेला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पहिला सुरुंग उडवताना हजारो कोटी रुपये वाचवल्याची घोषणा मंत्र्यांनी केली. हे रुपये कोणकोणत्या बाबींतून वाचले, समांतर बोगद्याचे काय केले आणि सुमारे तेरा किलोमीटर खोल डोंगरात उतरणाऱ्या मजुरासाठी त्याच्या जागी कोणती सोय ठेवली, याचे बाबवार, लेखी उत्तर सरकारने संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे.