पावसाची नोंद आणि नदीचे पाणी

“पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही,” असे उद्गार गावोगावी ऐकू येतात. पौषातच कोरडी पडलेली नदी पाहिली की ते खरेही वाटतात. परंतु स्मरण आणि नोंद यांत अंतर असते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या ध्यानी राहतो. त्याच्या मागेपुढे आलेली साधारण वर्षे विसरली जातात.

नोंद काय सांगते? हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणे देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९६१ ते २०१० या काळात सुमारे ८८१ मिलिमीटर होती. १९७१ ते २०२० या काळात ती सुमारे ८६९ भरली. घट दीड टक्क्याहूनही कमी. मात्र मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या अवधीत सुमारे तिपटीने वाढले, असे संशोधकांना आढळले आहे. सरासरी फारशी न ढळताही पावसाची तऱ्हा बदलू शकते, ती अशी. थोड्या दिवसांत कोसळलेले पाणी जमिनीत न मुरता माती घेऊन वाहून जाते, आणि मधल्या उघडिपीत पीक सुकते.

नदीचा हिशेब तर निराळाच. पैठणच्या गोदावरीचे पाणी मुख्यत्वे सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे असते. त्या पाण्यावर वरच्या अंगास दारणा (१९१६), भंडारदरा (१९२६) व पुढे गंगापूर, मुळा ही धरणे झाली. विहिरींचा उपसाही वाढला. यास्तव नदी आटली म्हणजे पाऊस आटला, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. पाऊस निसर्गाच्या हाती आहे. उपसा मात्र माणसाच्या हाती आहे. सर्व दोष आभाळावर टाकला, तर उपशास आळा घालण्याची जबाबदारी कोणीच घेणार नाही.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या मंडळातील पर्जन्यमापकाच्या निदान ३० वर्षांच्या नोंदी मिळवून चावडीवर लावाव्यात. त्यांत केवळ वार्षिक बेरीज नसावी. महिनावार पाऊस, २.५ मिलिमीटर वा अधिक पावसाचे दिवस आणि सर्वांत लांब उघडीप हीही द्यावीत. शेजारीच नदीची धार कधी खंडली आणि विहिरींची पाणीपातळी किती राहिली, हे दरवर्षी लिहावे.

एका चांगल्या वर्षाच्या भरवशावर ऊस लावणे आणि एका वाईट वर्षाने खचून जाणे, दोन्ही सारखेच हानिकारक आहे. पिकांची निवड तीस वर्षांकडे पाहून व्हावी, गेल्या वर्षाकडे पाहून नव्हे.