चुलीची धग नव्हे

दिवाळीच्या फराळापाशी हा विषय कशाला, म्हणून कुणी नाके मुरडतील, मुरडोत बापडे! त्यांच्याच घरातली पंचेचाळिशीची बाई चकल्या तळताना एकाएकी घामाने निथळते, रात्र रात्र जागते आणि 'चुलीची धग' म्हणून गप्प बसते. पाळी जाण्याचे हे दिवस आहेत, हे तिला कुणी सांगतच नाही.

शहरातल्या बाईला निदान डॉक्टर गाठता येतो. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीकडे सोयाबीन सोंगणाऱ्या मजूर बाईने रोज बुडवून कुणाकडे जावे? आणि गेलीच, तर पदरात काय पडते? बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली! पिशवीबरोबर बीजकोशही गेले, की पाळीचे जाणे एका दिवसात अंगावर कोसळते. हाडे अकाली ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेआधी हे त्यांना सांगितले होते काय?

सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बायकांना प्रश्न विचारते, ते १५ ते ४९ वयातल्या. मूल होण्याचे वय सरले, की बाई हिशेबातूनही सरली!

आशाताई बाळंतिणीच्या दारी जाते, तशी हिच्याही दारी जावो. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लगेच तपासून घ्यावे, एवढे तरी सांगो. पिशवी काढण्याआधी दुसऱ्या, सरकारी डॉक्टरचे मत फुकट मिळो. आणि तपासणीपायी बुडालेला रोज कुणी भरून द्यायचा, तेही एकदा ठरवून टाका.